चिमणीचा नाग

अय्युब मिस्त्रीनं आयुष्यात एक्केचाळीस चिमण्या उभ्या केल्या. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्याच्या शेडमध्ये नवं गिऱ्हाईक आलं, की चहा यायच्या आत हा आकडा त्याच्या कानावर पडायचा. तेलाच्या मिला, साबणाचे कारखाने, रंगाच्या भट्ट्या. अकोल्याहून अमरावतीला जाताना रस्त्याच्या कडेला कुठे धूर दिसला, तर तो आपल्याच पत्र्यातून निघाला असणार असं अय्युब धरून चालायचा आणि निम्म्या वेळा ते खरंही असायचं. वेल्डिंग अशी, की घासून झाल्यावर सांधा कुठे होता हे त्याचं त्यालाही सांगता येऊ नये. काम संपलं की तो लोखंडावरून उजवा अंगठा फिरवायचा. अंगठा कुठे अडला नाही की मान डोलवायचा. माझ्या भाकरीवरूनही असाच अंगठा फिरवता, असं त्याची बायको हलीमाबी एकदा चिडून म्हणाली होती. बिचारी खोटं बोलत नव्हती.

एक्केचाळिसावी चिमणी बार्शीटाकळी रस्त्यावरच्या खुशालरावांच्या सरकीच्या तेलमिलची. आधीच्या चाळीस चिमण्या पन्नास-साठ फुटांच्या, चहूबाजूंनी तारांनी ताणून बांधलेल्या. ही मात्र शंभर फुटांची, कुठे तार नाही की दोर नाही, नुसत्या आपल्या बुडावर उभी राहणारी. तिचा नकाशा अमरावतीहून आला होता. तिथल्या इंजिनीयरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या दामिनी मॅडमनी तो काढला होता. नकाशात चिमणीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर तीन पट्ट्या होत्या, चार बोटं रुंद, उभ्या कडेनं वेल्ड केलेल्या आणि स्क्रूच्या आट्यांसारख्या गोल गोल चढत गेलेल्या. अय्युबनं त्या लावल्या, उत्तम लावल्या. पण मनात म्हणाला, शिकल्यासवरल्या माणसांना शोभेची हौस फार. त्याच्या माणसांनी त्या पट्ट्यांना पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, नाग.

पंचमीला चार दिवस होते. चिमणी मिलच्या अंगणात लाकडी ओंडक्यांवर आडवी पडलेली होती आणि क्रेनची वाट पाहणं चाललं होतं. खुशालरावांची आई, पार्वताबाई, काठी टेकत बघायला आली. अठ्ठ्याहत्तरची बाई. मिल तिच्या नवऱ्याची, वामनरावांची. मिलमधलं प्रत्येक माणूस तिला माय म्हणायचं आणि तीही प्रत्येकाला हक्कानं दटावायची. तिनं पट्टीवर हात ठेवला.

"हे काय होय रे?"

अय्युबचा जुना जोडीदार भगवंत म्हणाला, "नाग होय माय."

म्हातारीनं पट्टीवरून हात नेला, जिथवर पोचला तिथवर. मग अय्युबकडे वळून म्हणाली, "अय्युब, चिमणीचा नाग नीट काढजो बापा. पंचमी आली." आणि काठी टेकत घरात निघून गेली.

आता अय्युबच्या जागी दुसरं कुणी असतं, तर काय समजलं असतं कोण जाणे. अय्युबला ठाऊक होतं ते असं: वामनरावांना तीस वर्षांपूर्वी ऐन कपाशीत साप चावला आणि बैलगाडीतून दवाखान्यात नेतानाच ते गेले. अख्ख्या पंचक्रोशीला ते माहीत होतं. आणि अय्युबच्या घरी उर्दू, धंद्यात वऱ्हाडी. धंद्यातल्या वऱ्हाडीत काढ या शब्दाला चाळीस वर्षांत एकच अर्थ लागलेला: गंज काढ, नट काढ, जुना पत्रा काढ. सापानं नवरा नेलेली बाई, दारावर शंभर फुटांचा साप कशाला उभा करून घेईल?

तनवीर तेवढा घुटमळला. अय्युबचा मुलगा, बत्तीस वर्षांचा, बापापेक्षा बोलायला कमी आणि हाताला तितकाच साफ. उंचीवरची सगळी कामं त्याची.

"अब्बा, मॅडम को एक फोन कर लेते."

"क्या बोलूँ फोन पे? बुढ़िया का आदमी साँप से मरा, ये बोलूँ? उनके धरम का मामला है बेटा. अपन बीच में नई बोलते."

यात अय्युबचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही. परक्याच्या देवाधर्माबद्दल तोंड उघडायचं नाही, हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि त्या शिकवणीवर त्यानं अकोल्यासारख्या गावात नाव कमावलं होतं. तनवीरनं ग्राइंडर घेतला. दोन दिवस घासून घासून त्यानं तिन्ही नाग मुळासकट उतरवले. अय्युबनं अंगठा फिरवला. अंगठा कुठेच अडला नाही. वर चंदेरी रंग चढला आणि पंचमीच्या दुसऱ्या दिवशी क्रेननं चिमणी उभी केली.

दसऱ्यानंतर ती घुमायला लागली.

हा शब्द बॉयलर सांभाळणाऱ्या शेषरावचा. खालून हुं-हुं असा बारीक आवाज यायचा, पायाखालचं काँक्रीट थरथरायचं आणि वर पाहिलं तर चिमणीचं डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे डुलायचं. "चिमणी घुमून राहिली," असं शेषराव ओरडला, आणि घुमणं म्हटल्यावर आपल्याकडे माणसांना दुसरं काय आठवणार? दोन दिवसांत तिच्या बुडाशी लिंबं आणि हळदकुंकू दिसायला लागलं. जाणत्यांनी सगळा आळ आगीवर घातला. बॉयलरमध्ये पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, कांड्या जळायच्या. आग फडफडते, धूर धक्के देतो, म्हणून चिमणी हलते, असं ठरलं. पंखा बदलला, कांड्या बदलल्या, शेवटी बॉयलर दोन दिवस थंड ठेवला. थंड बॉयलरवर चिमणी तशीच घुमली.

अय्युब आठवड्यातून दोनदा यायचा आणि मान वर करून उभा राहायचा. त्याला सगळ्यात जास्त एका गोष्टीनं छळलं. दिवाळीच्या आधी मोठी वावटळ आली, मिलच्या गोदामाचे पत्रे उडाले, आणि चिमणी ढिम्म. वाऱ्यानं जरा जोर धरला की ही शहाणी उभी. आणि संध्याकाळी, घाम सुकवण्यापुरती मंद झुळूक एका चालीनं वाहायला लागली की घुमायला लागायची. तेही वारा पश्चिमेकडून, तर डुलणं उत्तर-दक्षिण. ढकलतंय कोण आणि जातेय कुठे! चाळीस चिमण्यांचं शहाणपण त्या अंगणात कवडीच्या कामाचं राहिलं नाही. त्यानं बुडाशी जाड पट्ट्या ठोकल्या, बोल्ट आवळले. जानेवारीत बुडाच्या सांध्यावर केसाएवढा तडा दिसला.

खुशालरावांनी अमरावतीला फोन लावला. दामिनी मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. गाडीतून उतरल्या, मान वर केली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"मिस्त्री, पट्ट्या कुठे आहेत?"

"काढल्या."

"कुणी सांगितलं?"

ओसरीवर पार्वताबाई तुरी निवडत बसली होती. अय्युबनं तिकडे पाहिलं, आणि नजर परत आणली.

"कोनी नाई. मलेच वाटलं, शोभेच्या आहेत."

उभारल्यावर एकदा येऊन बघायला हवं होतं, ते आपल्याकडून झालं नाही, एवढं मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी अय्युबकडून लांबलचक बारीक रॉड मागून घेतला आणि मिलच्या मागे जिथून पाण्याचा पाट वाहतो तिथे त्याला नेलं. रॉडचं एक टोक घट्ट धरून त्यांनी दुसरं वाहत्या पाण्यात उभं सोडलं. रॉड थरथरायला लागला, आडवा, पाण्याच्या वाटेला छेद देत.

"मागे बघा. भोवरे दिसतात?"

दिसत होते. रॉडच्या मागे एक चिमुकला भोवरा डावीकडून सुटायचा, एक उजवीकडून. पुन्हा डावीकडून, पुन्हा उजवीकडून, नेमानं.

"वाऱ्याचंही असंच. चिमणीला वळसा घालून तो पुढे जातो, तेव्हा मागे भोवरे सोडत जातो, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. भोवरा सुटला की चिमणीला त्या बाजूला बारीकसा हिसका बसतो. एरवी त्यानं काही होत नाही. पण झोक्यावरच्या पोराला नेमक्या वेळेला बोट लावत राहिलं तर झोका कुठवर जातो? तुमच्या चिमणीचा स्वतःचा एक झोका आहे. एका ठरावीक वाऱ्याला भोवऱ्यांची चाल त्या झोक्याशी जुळते. वारा वाढला की चाल मोडते, पडला की मोडते."

मग त्यांनी रॉड बाहेर घेतला, त्याला बारीक तार आट्यांनी गुंडाळली आणि पुन्हा पाण्यात धरला. रॉड गप्प उभा राहिला. मागचं पाणी नुसतंच विस्कटलं, भोवरा एकही धड तयार झाला नाही.

"पट्ट्या यासाठी होत्या," मॅडम म्हणाल्या.

अय्युबला एका मिनिटात सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं. त्यानं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याच्या चाळीस वर्षांच्या साफसफाईनं ही चिमणी रोगट केली होती, आणि तिच्या एका बाजूला तेलाची टाकी होती, दुसऱ्या बाजूला मजुरांच्या खोल्या.

मॅडमनी बॉयलर बंद करायला लावला, खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. क्रेन परवा येणार होती. तिच्या झोळीत माणूस बसवून चिमणीला तारा बांधायच्या, मग ती उतरवायची. दोन दिवस कुणी जवळ फिरकायचं नाही. सगळं सरळ होतं. पण अय्युबला धीर नव्हता. आपण केलेलं आपणच निस्तरायचं, आणि ती परवापर्यंत पडली तर? तो मॅडमच्या मागे लागला. पहाटे वारं नसतं, साडेनवापर्यंत पान हलत नाही, शिडी चिमणीलाच आहे, सत्तर फुटांवर लोखंडी पट्टा आवळायचा अन् चार तारा खाली सोडायच्या, दोन तासांचं काम. मॅडम नको म्हणत राहिल्या. खुशालराव म्हणाले, मिस्त्री म्हनते तर जमन. मग मॅडमचं नको जरा हळू झालं. अय्युब स्वतःच चढायला निघाला होता. गुडघ्यांवर हात ठेवून पहिल्या पायरीपाशी उभा राहिला, तेव्हा तनवीरनं पट्टा त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतला.

"आप नीचे रहो अब्बा."

सकाळी साडेसहाला तनवीर चढला. हवा खरोखरच मेलेली होती. मॅडम हातात वारा मोजायचं छोटं यंत्र घेऊन उभ्या होत्या, त्याचा पंखा फिरत नव्हता. लोखंडी पट्टा दोन अर्ध्या कड्यांचा. तनवीरनं कंबरेचा दोर शिडीला अडकवला, एक कडं बसवलं, दुसरं बसवलं, दोन तारा खाली सोडल्या. बोल्ट आवळायचे बाकी होते. आठ वाजले होते, आणि मॅडमच्या हातातला पंखा हलला.

"सेकंदाला दोन मीटर," त्या म्हणाल्या. मग, "तीन. मिस्त्री, त्याला खाली बोलवा."

अय्युबनं हाक मारली. तनवीरनं खाली पाहून हात हलवला, एवढा एक बोल्ट, असा. उजव्या हातानं त्यानं कड्याच्या फटीत बोल्ट धरला होता.

"साडेतीन. चार. साडेचार."

चिमणी घुमायला लागली.

आधी वाटलं, नजरेचा भास. मग वरचं टोक आभाळावर रेघा ओढायला लागलं. न आवळलेलं कडं चिमणीवर आपटत होतं, उघडत होतं, मिटत होतं, आणि त्यात तनवीरचा हात होता. त्याची किंकाळी ऐकू आली, पुढची आली नाही. डाव्या हातानं त्यानं शिडीला मिठी मारली होती. बुडाशी तडा करकरत होता. भगवंत, शेषराव आणि मिलमधली माणसं खाली आलेल्या तारांना लटकली, चार माणसं एका तारेला, चार दुसरीला. चिमणी त्यांना जत्रेतल्या पाळण्यासारखी ओढत नेत होती आणि परत आणून सोडत होती.

अय्युब शिडीला भिडला. खुशालरावांनी त्याला कंबरेत घट्ट धरलं. तो मॅडमकडे वळून ओरडला, "काय करू? सांगा ना काय करू!"

मॅडमचे ओठ पांढरे पडले होते. "काही करता येत नाही, मिस्त्री. वारा वाढला तर थांबेल. पडला तरी थांबेल. आहे एवढाच राहिला तर..."

पंख्यावर साडेचार, साडेचार, चार पॉइंट सहा, साडेचार.

चाळीस वर्षं चिमणी उभी करताना अय्युबनं एकच दुआ मागितली होती, वारा थांबू दे. आता ती मागावी की उलटी मागावी हे त्याला कळेना. तो मातीत गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पसरून आँधी मागायला लागला. या अल्लाह, आँधी भेज, तूफान भेज, पत्रे उडव, मिल उडव, पण हा वारा नको, हा गोड वारा नको. त्याच्या कपाळावरचा घाम त्याच वाऱ्यानं सुकत होता. ओसरीवरून पार्वताबाई तिच्या देवाला हाका मारत होती. मॅडम मोठ्यानं आकडे वाचत होत्या, कारण त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

अकरा मिनिटं. मग पश्चिमेकडून धुळीचा लोट आला, पंखा सातावर गेला, आणि चिमणी, ती नकटी, आज्ञाधारक मुलीसारखी सरळ उभी राहिली. भगवंत वर चढला. कडं उचकटून तनवीरला दोरानं खाली सोडलं, तेव्हा तो शुद्धीवर होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता, अब्बा, हाथ है क्या.

हात होता. चार बोटं नव्हती. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खूप खटपट केली. अंगठा तेवढा वाचला. त्या हातानं पुन्हा वेल्डिंग होणार नाही, हे सांगताना डॉक्टर तनवीरकडे नाही, अय्युबकडे बघत होते.

क्रेन ठरल्या दिवशी आली आणि तिनं चिमणी काहीही न होता उतरवली. तिच्या जागी नवी उभी करायचं ठरलं.

आठव्या दिवशी दुपारी पार्वताबाई दवाखान्यात आली. खुशालरावांनी तिला आणून सोडलं आणि ते गाडी लावायला गेले. ती खाटेशेजारी स्टुलावर बसली, तनवीरच्या डोक्यावरून हात फिरवला, अफसानानं, त्याच्या बायकोनं, दिलेला चहा अर्धा प्यायली. हलीमाबीशी दोन शब्द बोलली. मग डोळे पुसून अय्युबकडे वळली.

"अय्युब, आता तरी माह्यं आयकशीन? नव्या चिमणीचा नाग नीट काढजो बापा. मांगं मी इतकं सांगून गेली, तं तू काढलाच नाई."

अय्युबला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. "काढला ना माय. तुमी म्हनलं तवाच काढला."

"कुठी काढला? मी सोता पाहून राहिली ना ओसरीतून. सपाट चिमणी. एक रेघ नाई तिच्यावर." म्हातारीनं बोट हवेत उचललं आणि दर पंचमीला भिंतीवर गंधानं काढतात तसा, शेपटीपासून वर, आट्या घेत घेत, फणा येईपर्यंत, एक नाग काढला. "असा. मालकाले त्यानं नेलं, तवापासून मी त्याले दरसाल काढतो. रागानं नाई बापा. तोच तं राखन करते घराची. तुह्या मानसानं म्हनलं, हा नाग होय, तं माह्या जिवाले इतकं बरं वाटलं. म्हनलं, चिमणीलेही राखनदार भेटला."

हवेतलं बोट खाली आलं. अय्युबच्या डोळ्यांपुढून मात्र ते हललं नाही. आट्या घेत चढत गेलेला तो नाग बरोबर मॅडमच्या नकाशातला होता, वरच्या तिसऱ्या हिश्श्यातला. काढजो. रेखाट, नीट रेखाट, असं सांगून गेली होती ती. आणि त्यानं उलटून एवढंही विचारलं नव्हतं, माय, काढू म्हणजे काय करू?

त्याचं तोंड उघडलं. एकदा ओरडून सांगावंसं वाटलं, तुझ्या एका शब्दापायी, माय. पण तो शब्द तिचा होता तसा त्याचाही होता, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईला उरलेले दिवस हे घेऊन काढावे लागले असते.

"मंग तू काय समजला होता?" पार्वताबाईनं विचारलं.

"काई नाई माय," अय्युब म्हणाला. "राहून गेलं."

"राहून गेलं म्हने! म्हातारा झाला तू," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर एक चापट मारली.

तनवीरनं सगळं ऐकलं होतं. त्याच हातानं, दोन दिवस बसून, त्यानं तो नाग घासून काढला होता. त्यानं बापाकडे एकदा पाहिलं. मग डाव्या हातानं चादर वर ओढली आणि म्हातारीला दिसू नये म्हणून उजवा हात त्या चादरीखाली झाकून घेतला.